बंदूक बाटली म्हणतात

हुलाकी, १४ ऑक्टोबर १९८३

येफिम,

आशीर्वाद शेवटी लिहीन, कागद उरला तर. आधी कामाचं.

तुझ्या दादाची बंदूक नीट मारत नाही. तीच, छोट्या गोळीची, तुमच्या बाबांची. या घरात बंदुकीतलं कळणारा तू एकटा होतास आणि तू तिकडे शहरात बोटींची इंजिनं खोलत बसला आहेस. म्हणून लिहिते. मी लिहिते आहे हे गाव्रीलला माहीत नाही आणि त्याला कळायलाही नको. तुझं नाव या घरात कोणी काढत नाही. पण नाव न काढल्याने बंदूक सुधारत नाही.

झालं असं. बर्फ टिकला तसा तो उल्गुन ओढ्यावर गेला. मीही गेले, स्वयंपाकाला आणि रेनडिअर सांभाळायला. कुत्रीने पहिल्याच सकाळी एक सेबल, चांगलं दाट काळ्या केसांचं, झाडावर चढवलं. झाड काही फार उंच नाही. जनावर फांदीवर बसून खाली कुत्रीकडे बघत होतं, आणि तुझ्या दादाने गोळी मारली ती गेली कुठेतरी. दुसरी मारली, तीही. तिसरीला ते उडी मारून दुसऱ्या झाडावर आणि तिथून पसार. पुढे रोज हेच. एकाही जनावराला ओरखडा नाही. तुला आठवत असेल, तुझा दादा डोक्यातच मारायचा. सरकारतर्फे कातडी घेणारे पंक्रातोव्हसाहेब बाकीच्यांना कातडं दाखवून सांगायचे, गाव्रीलसारखं आणा, भोक नसलेलं.

घरी आल्यावर त्याने बंदूक सगळी खोलली, रॉकेलने धुतली, पुन्हा जोडली. परत मारून बघितली. तेच. तेव्हापासून बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण 'मीठ दे' एवढंच.

तुझी आई म्हणते बंदूक बाटली, कोणा बाईने ओलांडली. आता कोणामुळे बाटली ते ती शोधते आहे. घरात बायका दोनच, ती आणि मी, तेव्हा शोध फार दिवस चालायचा नाही.

पंक्रातोव्ह गेल्या आठवड्यात सांगून गेला की या मोसमात उल्गुनवरून माल आला नाही तर वसंतात तो ओढा बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांच्या टोळीला देतील. सरकारी जमीन आहे, देतील. तुमच्या बाबांपासून तुम्ही तिथे शिकार करता, हे त्याच्या कागदात कुठे लिहिलेलं नाही. ओढा गेला तर तुझा दादा काय करेल, तू सांग. दुकानात पोती उचलेल? गावातल्या बॉयलरमध्ये लाकडं घालेल? त्याला मी तसं करताना डोळ्यापुढे आणून बघितलं, बघवलं नाही.

तेव्हा बंदुकीत काय काय बघायचं ते लिहून पाठव. मी बघेन. मी शाळेत दोनच हिवाळे होते आणि तिसऱ्याला पळून आले, म्हणून मोठ्या अक्षरात लिही आणि शहाणपणाचे शब्द घालू नकोस.

कागद संपला.

उस्तिन्या


हुलाकी, ४ नोव्हेंबर

येफिम,

तुझा कागद विमानाने आला. पत्र म्हणत नाही मी त्याला. वर नाव नाही, खाली नाव नाही, 'आई कशी आहे' नाही. नुसतं हे बघ, ते बघ. मी तुझा शेंबूड पुसला आहे रे, मला निदान 'वहिनी' तरी लिहायचंस.

पण जे लिहिलंस ते कामाचं आहे. बघितलं सगळं. तुझा दादा बर्फाखालची जाळी ओढायला नदीवर जातो तेवढ्या वेळात करावं लागतं.

दस्त्याचे पेच घट्ट आहेत. माझ्या जोराने फिरले नाहीत, आणि माझा जोर तुला माहीत आहे. नळी आणि लाकूड यांच्यामधून साखरेच्या पुड्याचा कागद सरकवून बघितला, कुठे अडकला नाही, म्हणजे लाकूड फुगून नळीला रेटत नाही. नर्सकडून कापूस मागून आणला आणि नळीच्या तोंडावर हळू फिरवला. एक धागा निघाला नाही. तोंड गुळगुळीत आहे. नळीच्या टोकावरची नेमाची माशी हलली का बघ म्हणालास, तर बाबांनी माशीच्या बुडाशी कोरलेली रेघ आणि नळीवरची रेघ एकमेकीला लागून आहेत. काडतुसं नवीन आणि जुनी दोन्ही मारून झाली. गारठ्यात काडतुसाची चरबी घट्ट होते म्हणून ती आतल्या खिशात ठेवावी हे मला शिकवू नकोस, ते खिसे मीच शिवते. आणि बंदूक घरात आणून ऊबेला ठेवतो का विचारलंस. घाम सुटेल तिला, ते आमच्या कुत्रीलाही कळतं. बाहेर वळचणीलाच टांगलेली असते.

एकदा तो लवकर परत आला. मी बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. काय करतेस म्हणाला. मी म्हटलं धूळ पुसते. हिवाळ्यात कसली धूळ, म्हणाला. मी म्हटलं, तू आणलेल्या मालाने घर भरलंय ना, त्याचीच उडते. असं बोलायला नको होतं. तो जाळी झटकायला बाहेर गेला. पूर्वीचा असता तर मासा फेकून मारला असता मला, हसत.

शेवटी तू विचारलंस की गोळ्या जातात कुठे. हे कोणी बघितलंच नव्हतं. लागत नाही म्हणजे नाही, एवढंच सगळे धरून बसलो होतो. मी गेले बघायला. तुझा दादा कोठारामागे फळी उभी करून मारतो ना, त्या फळीवर एक भोक नाही. पण डावीकडे मासे वाळवायचा मांडव आहे, त्याचा अलीकडचा खांब बघितला तर त्यात सगळ्या गोळ्या. इकडेतिकडे पसरलेल्या नव्हत्या. माझ्या तळव्याखाली झाकतील एवढ्या जागेत सगळ्या.

बिघडलेली बंदूक सगळ्यांना वेगवेगळीकडे पाठवते ना? ही तर सगळ्यांना एकाच घरी पाठवते.

विचार करून लिही. आणि कुत्रीचं सांगायचं राहिलं. तिने त्याच्यासाठी भुंकणं सोडलं. सेबलचा माग लागला तरी झाडाखाली जाऊन बसते आणि गप्प राहते. त्याने तिला मारलं नाही. बरोबर आहे तिचं, म्हणाला.

वहिनी


हुलाकी, २४ नोव्हेंबर

येफिम,

तू लिहिलंस की बंदूक पिशवीवर ठेवून दुसऱ्या कोणाकडून मारून बघा. दुसरं कोण? शेजारी प्रोकोपीला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या हुलाकीत बोभाटा की गाव्रीलची बंदूक आता प्रोकोपी मारतो. म्हणून मीच मारली.

माझ्या बापाला मुलगा नव्हता, तुला माहीत आहे. लग्नाआधी मी खारी मारायचे, बापापेक्षा जास्त. लग्नानंतर एक गोळी मारली नव्हती. लाकूड फोडायच्या ओंडक्यावर मिठाची पिशवी ठेवली, तिच्यावर बंदूक टेकवली, फळीवर कोळशाने ठिपका काढला आणि दाबला घोडा. हाताची सवय गेली होती. तरी सगळ्या गोळ्या ठिपक्यावर. एवढ्या जवळजवळ की माझ्या अंगठ्याखाली गेल्या. उभी राहून मारल्या, त्याही जवळपास तिथेच.

बंदूक चांगली आहे, येफिम. बाबांच्या वेळी होती तशीच आहे.

मी आनंदाने पिशवीला मिठी मारली. मग त्याच मिठावर बसले आणि जरा वेळाने माझा आनंद गेला. कळतंय ना तुला? बंदूक सरळ. गोळी डावीकडे. मधे उरतं काय?

मला पुढे काही लिहायचं नाही त्यावर. त्याचा उजवा खांदा काळानिळा झाला आहे, दाराच्या चौकटीवर आपटतो म्हणून. मी म्हटलं चौकट काय आज बसवली का. तो म्हणाला, तू घर वाकडं झाडतेस. कधीतरी असली एखादी थट्टा परवापर्यंत करायचा.

आता करत नाही, कारण तुझ्या आईने मला बघितलं. ती कोठाराकडून येत होती. ओंडक्याच्या अलीकडून पलीकडे जाताना माझा पाय बंदुकीवरून गेला असं तिचं म्हणणं. गेला नाही. मी वळसा घालून गेले, मला काय अक्कल नाही? पण तिने सुनेचं पाऊल बंदुकीवर पडलेलं बघायचंच ठरवलं होतं, तर दिसलं. आणि तिचं सगळं उलटं आहे. बंदूक बिघडली म्हणून मी तिथे गेले, तर मी तिथे गेले म्हणून बंदूक बिघडली. मी म्हटलं, सासूबाई, ती ऑक्टोबरपासून मारत नाही, मी आज नेम धरला. तर म्हणाली, आज मी बघितलं, ऑक्टोबरात कोण बघायला होतं?

जेवताना तिने तुझ्या दादाला सांगितलं. तो खात राहिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी वाट बघत होते की म्हणेल, आई, पुरे. तो तसं म्हणाला नाही.

त्या फळीवरचे माझे नेम मी कोळशाने बुजवले. त्याने बघितले असते तर? बायको मारते आणि आपण नाही.

तू काही सुचव. बंदुकीचं नको आता.

वहिनी


हुलाकी, ११ डिसेंबर

येफिम,

हे पत्र वाचून जाळ.

तुझ्या दादाला डाव्या डोळ्यावर रांजणवाडी आली. पापणी सुजून लाल. मी चहाची पत्ती उकळून फडक्यात बांधली आणि त्याला खाटेवर बसवून डाव्या डोळ्यावर ती पुरचुंडी ठेवली, वरून रुमाल बांधला. दुपार होती, पण आता दुपारीच काळोख होतो, म्हणून टेबलावर कंदील लावलेला. तुझी आई प्रोकोपीकडे गेली होती. मी त्याच्यासाठी कपात चहा ओतत होते. तो म्हणाला,

"दिवा का गं मालवलास?"

कंदील त्याच्या समोर होता, येफिम. हाताच्या अंतरावर. वात मी नुकतीच वर केलेली. त्याच्या उजव्या डोळ्यात मला ज्योत दिसत होती, हलत होती ती पण दिसत होती. बाहेरून डोळ्याला काही झालेलं नाही. तसाच काळा, तसाच चमकतो.

मी म्हटलं, "तेल वाचवते."

तो म्हणाला, "मग चहा अंधारात कसा पिऊ?"

"तोंड सापडत नाही होय तुझं?" मी म्हटलं.

तो हसला. मी कप त्याच्या हातात दिला, त्याची बोटं त्याच्याभोवती मिटवली. मग उठले आणि कंदील खरंच मालवला. दोघं अंधारात बसून राहिलो. तो चहा पीत होता, फुंकर घालून, आणि मी त्या फुंकरीचा आवाज ऐकत होते. मग रुमाल सोडला आणि त्यानंतर कंदील लावला. हं, आता बरं, असं म्हणाला.

त्याला माहीतच नाही. तुम्ही दोघं भाऊ बाबांच्या हाताखाली शिकलात, दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरायचा, म्हणजे जनावर उडालं तरी नजरेतून जात नाही. सगळी दुनिया एक डोळा मिटून मारते, तुम्ही नाही. एक डोळा मिटला असता तर त्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं. दोन्ही उघडे, म्हणून सगळं दिसतं असं वाटतं त्याला. माशी डावा डोळा बघतो आणि बंदूक उजव्या खांद्याला. गोळी जाणार कुठे दुसरीकडे? मी काठी घेऊन स्वतःवर करून बघितलं. अगदी मांडवाच्या खांबावर जाते.

बाबांचंही असंच झालं होतं ना? आधी एक, मग दुसरा. मी तेव्हा या घरात होते, मी सगळं बघितलं आहे. तू त्यांना सांगितलंस की बाबा, तुम्हाला दिसत नाही, आता बंदूक खाली ठेवा. खरं तेच सांगितलंस. कोणीतरी सांगायलाच हवं होतं, नाहीतर रेनडिअर समजून त्यांनी आपल्यातल्याच कोणाला मारलं असतं. मी तुझ्या बाजूला उभी होते, पण तोंडाने बोलले नाही. त्या संध्याकाळी त्यांनी सुरा प्रोकोपीच्या बापाला दिला, कुत्रा दुसऱ्याला दिला. आम्हाला वाटलं, म्हातारा समजूतदार आहे. सकाळी ते बंदूक न घेता बाहेर गेले आणि वसंतापर्यंत सापडले नाहीत. आणि गाव्रील म्हणाला, तू मारलंस त्यांना, तोंडाने मारलंस. त्यानंतर तू विमानात बसलास.

आता मी काय करू ते सांग. तुझ्या दादाला कोणत्या तोंडाने सांगू?

नर्सला आडून विचारलं, माझ्या बहिणीला असं होतंय म्हणून. ती म्हणाली डोळ्यात पाणी दाबतं, गेलेला डोळा गेला, पण दुसरा वाचतो, तुमच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात थेंब देतात, कापतात. लवकर नेलं तर. हिवाळा काढला तर सांगता येत नाही म्हणाली. बहिणीला म्हणावं, उशीर करू नको.

पण दवाखान्यात नेलं की कागद होणार. कागद झाला की बंदुकीचा परवाना जाणार, मग ओढा जाणार. आणि न्यायचं म्हटलं तर का नेतेस ते सांगावं लागणार. मी सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं. कुठूनही गेले तरी त्याच दारात येते.

तू एकदा आपला एकेक डोळा झाकून बघ. आजच बघ. तुम्ही एकाच बापाचे आहात.

वहिनी


हुलाकी, ८ जानेवारी १९८४

येफिम,

तू उत्तर दिलं नाहीस, किंवा विमान आलं नाही. वादळ होतं, मी विमानाला दोष देते.

इकडे जे झालं ते सांगते, मग तुला जे ठरवायचं ते ठरव.

नव्या वर्षाच्या आधी तुझ्या दादाने त्याचा सुरा प्रोकोपीला दिला. हाडाच्या मुठीचा, बारीक नक्षीचा, तोच. प्रोकोपी खूश होऊन दाखवत फिरला. मी विचारलं, का दिलास? तर म्हणाला, मला कशाला लागतो, सोलायला काय आहे? तो चिडून बोलला असता तर मला काही वाटलं नसतं. शांतपणे बोलला. मग दोन दिवसांनी कुत्री कोणाला द्यावी असं आईला विचारत होता.

मी त्या दिवसापासून दाराशी झोपते. पाय दुखतात म्हणून तिथे गार वारा बरा वाटतो असं सांगितलं. तुझ्या आईलासुद्धा पटलं नाही. दाराशी येणाऱ्या वाऱ्याने कोणाचे पाय बरे होतात?

मग चार-पाच दिवसांपूर्वी सकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला. बंदूक बाहेरून आणली होती, दारात ठेवली, आत नाही आणली. आणि विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"उस्तिन्या, खरं सांग. ओलांडलीस का तू ही?"

तुला कसं सांगू कसं विचारलं ते. आरोप नव्हता त्यात. तो मागत होता, येफिम. भुकेला माणूस विचारतो तसा विचारत होता. मी नाही म्हटलं असतं, तर बंदूक चांगली, बायको चांगली, मग उरतो तो. इतके महिने तो तिथेच पोचत होता आणि सुरा देऊन मोकळा झाला होता.

मी म्हटलं, "हो. ओलांडली."

"कधी?"

"शिकारीच्या आधी. वळचणीवरून पडली होती, अंधारात दिसली नाही. भीतीने सांगितलं नाही."

तुझी आई मागे बसली होती. तिला वाटलं असेल आपण जिंकलो. तुझ्या दादाने एक लांब श्वास सोडला. तोंडावर रंग आला त्याच्या. मला शिवी दिली, खरीखुरी, मोठ्याने, आणि मला ती ऐकून बरं वाटलं. मग उठला आणि प्रोकोपीकडे गेला, आणि सुरा परत घेऊन आला. प्रोकोपी अजून तोंड पाडून हिंडतो आहे.

आता पुढचं. तुमच्या घराण्यात बाटलेली बंदूक कशी मोकळी करतात ते तुला माहीत आहे, मी कशाला सांगू. धूर द्यायचा तो आईने दिला. पण पहिला नेम सख्ख्या भावाने मारायचा असतो. त्याने मारलेल्या जनावराचं रक्त नळीला लावून बंदूक हातात परत द्यायची, तोवर मालकाने तिला शिवायचं नाही. दुसरा कोणी चालत नाही. तुझ्या दादाला भाऊ एकच आहे.

दोन दिवस तो बंदुकीभोवती फिरला. काल जळणाकडे तोंड करून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिही त्याला." कोणाला, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित फिरला असता. काय लिहू, तेही विचारलं नाही. म्हणून हे त्याचे शब्द समज, दोनच आहेत, पण त्याचे आहेत. इतक्या वर्षांनी.

हे मी मुद्दाम केलं का? थोडं मुद्दाम. तो विचारायला आला तेव्हा फक्त त्याचा चेहरा बघून हो म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर तूच डोळ्यांपुढे आलास. तू काहीही समज.

मी आता घरात नाही. नदीकडे जुना तंबू आहे ना, कातड्याचा, तिथे आहे. ज्या बाईने बंदूक बाटवली तिने मोसम संपेपर्यंत शिकाऱ्याच्या चुलीवर रांधायचं नाही, त्याच्या हातात काही द्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. बरोबर तेच मी स्वतः मागून घेतलं. इथून मला धूर दिसतो घराचा. तुझी आई त्याला रोज उकडलेला मासा घालते, मीठ न घालता, तिला आठवत नाही. तो सकाळी जाळ्याकडे जातो तेव्हा माझ्यासमोरून जातो आणि मान दुसरीकडे करतो. रीत पाळतो. त्या मान वळवण्यात त्याला उजवीकडचा बर्फात पुरलेला ओंडका दिसत नाही आणि तो त्याला रोज अडखळतो. मी ओरडून सांगू शकत नाही. रोज बघते आणि रोज तोंडावर हात ठेवते. ओंडका मी काढायला गेले होते, गोठून जमिनीला धरला आहे, कुऱ्हाडीने निघाला नाही.

दाराशी आता कोणी झोपत नाही. आईला सांगितलं तर विचारेल, का म्हणून.

तर तू ये. पहिल्या विमानाने ये, तुझ्या साहेबाला सांग आई मेली, मी तिला नंतर समजावेन. ये आणि उल्गुनवर जा त्याच्याबरोबर, त्याच्या उजव्या बाजूने चाल, कुत्रीला जरा गोडीगुलाबीने भुंकायला लाव. जनावर मार. तुला येतं, इंजिनं खोलून हात विसरत नाहीत. रक्त लाव, बंदूक त्याला दे. मग त्याला मारायला लाव आणि डावा डोळा मिट म्हणून सांग. एवढंच सांग. त्याला स्वतःला कळू दे. तू तेच शब्द पुन्हा बोलू नकोस जे बाबांना बोललास, माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी सांगते.

डाव्या खांद्यावर घेऊन मारायला शिकला तर अजून काही वर्षं मारेल. शहराच्या दवाखान्यात गेला तर डावा डोळा राहील. गेला तर ओढा जाईल. न गेला तर डोळा. हे तुम्ही दोघं भाऊ ठरवा, मला आता ठरवता येत नाही. मी त्याच्याशी बोलूच शकत नाही, हे कसलं माझं शहाणपण ते बघ.

एक शेवटचं. ज्या दिवशी त्याला कळेल, त्या संध्याकाळी तो अगदी शहाण्यासारखा वागेल. हसेल, जेवेल, तुला चांगला सुरा देईल. तो घेऊ नकोस. आणि झोपताना दाराच्या आतल्या बाजूला आडवा पड, असा की त्याला बाहेर पडायचं झालं तर तुझ्या अंगावर पाय द्यावा लागेल.

वहिनी